शब्दचर्चा : उठाव, खोदीव उठाव आणि भित्तिचित्र

प्रश्न : प्राचीन इजिप्तच्या थडग्यांमधल्या रंगीत भिंतींना कुणी 'भित्तिचित्रं' म्हणतं, कुणी 'कोरीव चित्रं', कुणी 'उत्थित शिल्पं'. बरोबर काय?

— भिंतीगणिक वेगळं. तूतनखामेनच्या थडग्यात सपाट गिलाव्यावर रंग आहे, ते भित्तिचित्र. पहिला सेती या राजाच्या थडग्यात आकृतीभोवतीचा दगड तासून काढलाय, आकृती जराशी वर राहिलीय आणि तिच्यावर रंग. हा उठाव. 'उत्थित शिल्प' जरा पुस्तकी, पण चूक नाही. 'उठाव' म्हटलं की कुणाला १८५७ आठवतं, व्यापाऱ्याला मालाचा खप. संदर्भ असला की भागतं.

— 'उत्थित' सगळीकडे चालणार नाही. कर्नाकच्या देवळातल्या स्तंभमंडपात उत्तरेकडचं सेतीचं काम उठावाचं आहे. दक्षिणेकडे सेतीचा मुलगा दुसरा रामसेस याचं बहुतेक काम उलट आहे : कड आत खोदून आकृती खोलगटात घडवलीय, भोवतालची भिंत तशीच. आकृतीचा कुठलाच भाग भिंतीच्या पातळीच्या वर येत नाही, मग 'उत्थित' कसलं? 'खोदीव उठाव' म्हणा. उन्हात अशा खोल कडेची सावली ठळक पडते, म्हणून बाहेरच्या भिंतींना हीच रीत. शिवाय पार्श्वभूमी तासावी लागत नाही, काम लवकर उरकतं.

— 'फ्रेस्को' मात्र नकोच. त्यात ओल्या चुन्यावर रंग देतात. इथे गिलावा वाळल्यावर डिंक किंवा सरस घातलेला रंग लावलाय. अजिंठ्यालाही सर्रास फ्रेस्को म्हणतात, तीही हीच चूक.

— कारागिरांसाठी सरसकट 'शिल्पकार' लिहिणंही खटकतं. इजिप्शियन भाषेत रेखाटणाऱ्याला 'आकृत्यांचा लेखक' अशा अर्थाचा शब्द आहे, कोरणाऱ्याला 'छिन्नी धरणारा'. मराठीत 'रेखाकार' आणि 'कोरक्या' ठेवले तर कामाची वाटणी दिसते. होरेमहेब राजाच्या अर्धवट राहिलेल्या थडग्यात ती उघडी पडलीय. गेरूत बुडवलेल्या दोरीनं सूत मारून चौकोन पाडायचे. रूढ प्रमाणात उभी आकृती तळपायापासून केसांच्या कडेपर्यंत १८ चौकोनांची. लाल रेघेत पहिलं रेखाटन, काळ्या रेघेत दुरुस्ती, मग छिन्नी. शेवटी पांढऱ्या रंगाचा एक हात, त्यावर रंग आणि बाह्यरेषा. मधेच गारगोटीचा गोळा लागला की तो उपटून जागा गिलाव्यानं भरत. पुढे ते ठिगळ गळून पडतं आणि राजाच्या गालावर खड्डा राहतो. अशा खड्ड्याला 'तोडफोड' लिहिण्याआधी कड नीट बघावी.

— 'दगडात कोरलेलं' हेही तपासूनच लिहावं. दुसऱ्या रामसेसची राणी नेफरतारी हिच्या थडग्यातला खडक इतका ठिसूळ की वर गिलावा चढवून उठाव त्या गिलाव्यात घडवला. खडकातलं मीठ ओलाव्याबरोबर बाहेर येऊन गिलाव्यामागे स्फटिक धरतं, फुगतं आणि गिलाव्याला रंगासकट ढकलतं. १९८६ ते १९९२ मध्ये झालेलं जतनाचं काम मुख्यतः हा सुटलेला गिलावा पुन्हा चिकटवण्याचं होतं. तिथल्या फोटोखाली 'गिलाव्यातला रंगीत उठाव' एवढं लिहिलं तरी पुरे.