मदत हवी आहे : आईसोबत रोममध्ये एक दिवस पायी फिरायचे आहे

नमस्कार,

ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी आई रोमला जात आहोत. व्हॅटिकनसाठी वेगळा दिवस राखून ठेवला आहे. उरलेल्या एका पूर्ण दिवसात जुने रोम पायी पाहायचे आहे. त्या दिवसाच्या आखणीबाबत, विशेषतः ज्येष्ठांना सोबत घेऊन ज्यांनी हे शहर पाहिले आहे अशा सभासदांचा सल्ला हवा आहे.

आईने सत्तरी ओलांडली आहे. सपाट रस्त्यावर ती तासभर आरामात चालते, परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिने उतरणे आणि खडबडीत जमिनीवर तोल सांभाळणे तिला जड जाते. तिने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा ही तिची फार जुनी इच्छा आहे, आणि ती या खेपेस पुरी व्हावी असे मला मनापासून वाटते.

सध्याचा बेत असा आहे. सकाळी कलोसियम, तेथून फोरम, मग कॅपिटोलिन टेकडी, तेथून उतरून लार्गो अर्जेंतिना चौक, पँथिऑन हे प्राचीन मंदिर, पियाझ्झा नव्होना चौक, त्रेव्ही कारंजे आणि शेवटी स्पॅनिश स्टेप्स. नकाशावर हे अंतर साधारण चार किलोमीटर भरते. स्मारकांच्या आतले चालणे त्यात धरलेले नाही. स्पॅनिश स्टेप्सच्या १३५ पायऱ्या चढण्याचा विचार नाही. तेथे पायऱ्यांवर बसण्यासही २०१९ पासून मनाई आहे, त्यामुळे खालूनच पाहून शेजारच्या स्पान्या स्थानकावरून मेट्रोने परतावे, असे ठरवले आहे.

खरी अडचण फोरमची आहे. तेथील व्हिया साक्रा या प्राचीन मार्गावर मोठमोठ्या दगडी फरशा आहेत, त्या शतकानुशतकांच्या वापराने झिजून वरखाली झाल्या आहेत आणि दोन फरशांमधल्या फटीत पाऊल अडकू शकते, असे वाचले आणि छायाचित्रांतही पाहिले. तीतसच्या कमानीपासून सेप्तिमियस सेव्हेरसच्या कमानीपर्यंत जाताना या फरशा टाळून चालता येते का? की आईला तीतसच्या कमानीजवळचा थोडा भाग दाखवून बाहेर यावे, आणि बाकीचा फोरम कॅपिटोलिनवरच्या सिनेटोरियल राजवाड्यामागच्या कठड्यावरून पाहावा? तेथून सगळा परिसर एका नजरेत दिसतो आणि त्यासाठी तिकीटही लागत नाही. मात्र वरून पाहणे आणि ज्या दगडांवरून विजयी सेनापतींच्या मिरवणुका गेल्या त्यांच्यावर पाय ठेवणे यांत तिच्या लेखी मोठे अंतर आहे, म्हणून हा पर्याय मी अगदी शेवटचा मानते.

टेकडीवर जाण्यासाठी मायकेलअँजेलोने आखलेला कोर्दोनाता हा उताराचा रुंद, कमी उंचीच्या पायऱ्यांचा मार्ग गुडघ्यांना झेपेल असे वाटते. कोणी अनुभव सांगितल्यास बरे होईल. शहराच्या जुन्या भागातील गल्ल्यांमध्ये सांपिएत्रिनी म्हणजे काळ्या दगडाचे छोटे ठोकळे बसवलेले आहेत, तेव्हा जाड तळव्याचे बूट पुरेसे आहेत की हातात काठीही असावी, तेही कळवावे.

पियाझ्झा नव्होनावर दुपारी निवांत बसायचे आहे. बेर्निनीच्या १६५१ च्या कारंज्यातील चार नद्यांमध्ये हातात वल्हे घेतलेली गंगाही आहे आणि ती आईला जवळून दाखवायची आहे. तेथे कॅफेत पैसे मोजून बसण्याशिवाय सावलीत टेकायला जागा मिळते का?

जेवणाबाबत एक शंका आहे. आई कडक शाकाहारी आहे आणि पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या पोटातील रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरून बनवतात, त्यामुळे ते चीज घातलेला काचो ए पेपे हा पास्ता तिला चालणार नाही. चीज नसलेला मारिनारा पिझ्झा पँथिऑनच्या परिसरात दुपारी सहज मिळतो का? पाण्याची चिंता नाही, कारण रस्तोरस्ती नासोनी नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि नळाच्या तोंडावर बोट दाबले की वरच्या छिद्रातून पिण्याजोगी धार येते. स्वच्छतागृहांची माहिती मात्र नेमकी हवी आहे.

कलोसियमची तिकिटे नावानिशी आणि ठरावीक वेळेची असतात, त्यामुळे ती काढण्यापूर्वी फोरम आधी करावा की कलोसियम, हे निश्चित करणे भाग आहे. शक्य असल्यास या एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे, ही विनंती.