मदत हवी आहे: मोपा–मुंबई–दुबई, मध्ये किती वेळ ठेवावा?

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आई वेंगुर्ल्याहून दुबईला धाकट्या भावाकडे जाणार आहे, तीही एकटी. वय ७४, गुडघे दुखतात, विमानात पहिल्यांदाच बसणार. चिपीचा विमानतळ जवळ, पण तिथून वेळेला जुळणारं विमान मिळालं नाही. म्हणून गोव्यातल्या मोपाहून मुंबई आणि पुढे दुबई.

मोपा ते मुंबई हवाई अंतर साधारण ३९० किमी. ताशी ८०० च्या वेगाने अर्ध्या तासाचं काम. तिकिटावर मात्र सव्वा तास आहे. मुंबई–दुबई १,९३० किमीच्या आसपास, तिथलं घड्याळ दीड तास मागे धरून सव्वातीन तास. भावाने दोन वेगळी तिकिटं बघून ठेवलीत, मध्ये अडीच तास आहेत. पुरतील का? आईला धावपळ झेपणार नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद १
अडीच तास अजिबात नकोत. तिकिटावरची वेळ गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. पूर्ण वेग मधला थोडाच वेळ मिळतो, बाकी चढण्या-उतरण्यात जातो. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की विमान वर घिरट्या घालतं.

दुसरं, तिकिटं वेगळी म्हणजे बॅगा मुंबईत घ्यायच्या, बाहेर पडायचं, पुन्हा चेक-इन. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी थांबत नाही. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये तिकीट काढा. बॅगा थेट दुबईपर्यंत जातील का, तेही विचारून घ्या. नाहीच जमलं तर मध्ये किमान पाच तास ठेवा.

प्रतिसाद २
आणि विमानतळाचा कोड वाचा! आता नवी मुंबईहूनही विमानं आहेत. पहिलं विमान एनएमआयला (नवी मुंबई) उतरलं आणि दुबईचं बीओएमहून (मुंबईचा जुना विमानतळ) असलं, तर मध्ये अख्खी मुंबई आडवी येते. दोन्ही बीओएम असले तरी टर्मिनल बघा, टी-१ आणि टी-२ मधलं अंतर चालत जाण्यासारखं नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. माणूस सोबत असतो, इमिग्रेशनलाही तोच नेतो. माझ्या सासूबाई अशाच एकट्या गेल्या, काही अडलं नाही.

धागाकर्ती
मनापासून आभार. भावाशी बोलले, एकाच पीएनआरवर सकाळचं तिकीट काढतोय. घरातून पहाटे निघावं लागेल. आई आत्ताच म्हणतेय, "येवड्या बेगीन जावन काय करूचा?" तिला समजावते. आता तिने सामान काढायला घेतलंय: कोकमाच्या आगळाची बाटली, सुकं खोबरं, करंज्या, अनारसे. चालेल ना?

प्रतिसाद २
ताई, अनारसे थांबवा! खसखशीला यूएईत बंदी आहे, सापडली तर मोठं प्रकरण होतं. करंजीच्या सारणातही नको. नातवंडांसाठी वेगळा घाणा खसखस न घालता करा. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, ते घरीच ठेवा. आगळ नीट सीलबंद करून चेक-इनमध्ये, कारण हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली काढून घेतात. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट पर्समध्येच.