डबल काचेच्या खिडकीत आतून धुकं, एक काच तडकलेली: पूर्ण खिडकी बदलायची का?

तापीकाठ
ठिकाण भुसावळ. रेल्वेच्या आवाजासाठी यूपीव्हीसीच्या उघडणाऱ्या खिडक्या, डबल काच, बसवून ८ वर्षं झाली.

पश्चिमेच्या दोन खिडक्यांत दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. पावसाळ्यात आणि थंडीत सकाळी दिसतं, अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आपोआप नाहीसं होतं. खालच्या कोपऱ्यांत पांढुरके ओघळ मात्र राहतात. तिसऱ्या खिडकीची आतली काच तडकली आहे. खालच्या कडेपासून निघालेली एकच रेष, पुढे वळत गेलेली. धक्का कशाचाच लागलेला नाही. या काचेला मागच्या वर्षी आतून काळी फिल्म लावली आहे. शिवाय गच्चीचा एका पल्ल्याचा काचेचा दरवाजा कुलपाच्या बाजूने खाली घासतो, दुपारी जास्त.

एक मिस्त्री म्हणतो भोक पाडून धुकं काढून देतो आणि तडकलेली तेवढी एकच काच बदलतो. दुसरा म्हणतो खिडक्याच नव्या घ्या. नेमकं काय करावं?

काचकाम_धुळे
दोघांचंही ऐकू नका. चौकटी आणि पल्ले ठेवा, फक्त काचेचे जोड (दोन काचा आणि मधली पट्टी मिळून एक जोड) बदला.

आधी धुकं कुठे आहे ते पक्कं करा. बोअरच्या पाण्याचे क्षार बाहेरून काचेवर बसतात तेही पांढरेच दिसतात. आतून आणि बाहेरून नखाने घासून बघा. दोन्हीकडून नख डागावरून नुसतं सरकत असेल तर डाग मध्ये आहे.

दोन काचांच्या मध्ये कडेने अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. तिच्या पोटात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटिलचा काळा धागा, आणि त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा थर. ओल अडवण्याचं काम ब्युटिलचं, बाहेरचा थर मुख्यतः काचा धरून ठेवतो. ब्युटिल सुटलं की ओल थोडी थोडी आत येते, दाणे ती पीत राहतात. दाणे भरले की धुकं दिसतं. म्हणजे तुम्हाला धुकं दिसलं त्याच्या बरंच आधी काच गेलेली असते. उन्हाळ्यात ती साफ दिसते कारण काच तापल्यावर आतली ओल वाफ होऊन हवेत राहते. ओल कुठेही गेलेली नसते.

आपल्याकडे पश्चिमेची काच आधी का जाते? मधली हवा २५ अंशांना कोंडलेली धरा. मे महिन्यात दुपारी ती ५५ अंशांना गेली तर मोकळी असती तर साधारण १० टक्के फुगली असती. कोंडलेली असल्याने ती काचांना बाहेर ढकलते, रात्री परत ओढून घेते. ब्युटिल रोज ताणलं जातं. पण नुसत्या उन्हाने ८ वर्षांत काच जातेच असं नाही. उन्हाच्या जोडीला पल्ल्याच्या खाचेत पाणी तुंबलेलं असेल आणि बाहेरचा थर त्यात भिजत असेल, तर जाते. म्हणून काच बदलताना आधी पाणी जायची भोकं बघा. पल्ल्याच्या खालच्या पट्टीत साधारण ५ मिमी रुंद, २५ ते ३० मिमी लांब अशा चिरा असतात. धूळ आणि मेलेल्या किड्यांनी त्या बुजतात. कधी कधी काच बसवणाराच सिलिकॉनने भरून टाकतो, पाणी आत येऊ नये म्हणून! चिरा मोकळ्या करा, खाचेत पेलाभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूने लगेच निघून गेलं पाहिजे.

भोक पाडण्याबद्दल: काच टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) असेल तर भोक पाडायला घेतल्या क्षणी तिचा चुरा होईल. साधी असेल तर भोकातून ओल निघते, पण पांढरे ओघळ तसेच राहतात आणि तो जोड पुन्हा कोंडलेला राहत नाही. पैसे वाया.

एकच काच बदलण्याचंही तसंच. जुना स्पेसर, भरलेले दाणे तसेच ठेवून कडेने नुसतं सिलिकॉन मारतात. सिलिकॉनमधून पाण्याची वाफ जाते, ब्युटिल नसेल तर पुढच्या पावसाळ्यात धुकं परत. जोड नवाच घ्यायचा.

तडकलेल्या काचेबद्दल तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरूनच दोन गोष्टी कळतात. काच टफन नाही, टफन असती तर एक रेष पडून थांबली नसती, तिचे बारीक दाणे झाले असते. आणि तडा उष्णतेचा आहे. आघाताचा तडा एका बिंदूपासून ताऱ्यासारखा फाटतो. उष्णतेचा तडा कडेपासून काटकोनात निघतो आणि मग नागमोडी जातो. फिल्मने ऊन शोषलं, काचेचा मधला भाग तापला, चौकटीत दडलेली कड थंड राहिली, कडेवर ताण आला. जाड पडदा काचेला चिकटून असेल किंवा एसीचा झोत थेट काचेवर येत असेल तरी हेच होतं. नव्या जोडाला आतून गडद फिल्म लावू नका. ऊन अडवायचं असेल तर ते बाहेर अडवा, छज्जा वाढवा किंवा बाहेरून चटई सोडा.

लेवा_पाटी
वरचं बरोबर. एक भर घालतो.

धुक्याबरोबर कडेने काळे ओघळ, डांबराच्या थेंबासारखे, स्पेसरवरून आत सरकलेले दिसतात का बघा. दिसत असतील तर ते ब्युटिल वितळून आत आलं आहे. तेल मिसळलेलं स्वस्त सिलिकॉन काचेच्या कडेला लागलं की असं होतं. नवीन काच बसवताना तेच सिलिकॉन पुन्हा वापरलं तर नवीही तशीच जाईल. यूपीव्हीसीच्या खिडकीत काच रबराने धरलेली असते, तिथे सिलिकॉनची गरजच नाही. चौकट आणि भिंतीच्या फटीत मात्र लागतं, तिथे न्यूट्रल सिलिकॉन घ्या. भरताना व्हिनेगरसारखा वास आला तर ते न्यूट्रल नाही, परत करा.

काचकाम_धुळे
आता काढायची पद्धत.

बीडिंग म्हणजे काच धरणारी चार पट्ट्यांची चौकट, ती बहुधा आतल्या बाजूने असते. पुट्टीची रुंद पाती बीडिंग आणि पल्ला यांच्या सांध्यात घाला. काच आणि बीडिंगच्या मध्ये घालू नका, काचेची कड उडते. सुरुवात सर्वात लांब पट्टीच्या मध्यापासून, रबरी हातोड्याने हलकं ठोकत. मध्य सुटला की टोकं आपोआप सुटतात. चारही पट्ट्यांवर मागून खुणा करा: वर, खाली, डावी, उजवी. बसवताना आधी आखूड पट्ट्या, मग लांब. लांब पट्टीची दोन्ही टोकं आधी बसवायची, कमानीसारखी वाकलेली पट्टी शेवटी मध्यावर दाबायची.

तडकलेल्या काचेला काढण्याआधी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी आडवी-उभी मारा. जाड हातमोजे, चष्मा आणि पायात बूट. वजनाचा हिशेब सोपा आहे, काच दर चौरस मीटरला दर मिमी जाडीला २.५ किलो भरते. ५+५ चा ३ बाय ४ फुटांचा जोड म्हणजे जवळजवळ २८ किलो. दोन माणसं लागतात, शक्यतो सक्शन कपसह.

काच काढली की खाली प्लास्टिकचे ठोकळे दिसतील, सेटिंग ब्लॉक. इथे बारकाईने बघा, कारण बहुतेक घोळ इथेच असतो. ठोकळा दोन्ही काचांच्या खाली पूर्ण आला पाहिजे. २२ मिमीच्या जोडाला २४ मिमी रुंद, १०० मिमी लांब ठोकळा हवा. अरुंद ठोकळा एकाच काचेखाली आला तर दुसरी काच आपल्या वजनाने खाली ओढते आणि मधलं ब्युटिल कातरलं जातं. लाकडाच्या चिपा घातलेल्या असतील तर फेका, त्या पाण्याने फुगतात. ठोकळा पाण्याच्या चिरेवर बसवू नका.

माप घ्यायचं ते काच काढल्यावर, खाचेपासून खाचेपर्यंत. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण. सर्वात लहान आकडा धरून त्यातून १० मिमी वजा, म्हणजे प्रत्येक बाजूला ५. माप मिलिमीटरमध्येच द्या. दुकानात सुतात बोलतात, आणि १ सूत म्हणजे ३ मिमीहून जास्त. टफन काच भाजल्यावर कापता येत नाही, घासता येत नाही. मोठी आली तर ती काच वाया.

जाडी चुकवू नका. बीडिंग जाडीप्रमाणे असतं. २४ च्या जागी २० चा जोड आला तर रबर काचेला टेकत नाही, वारा सुटला की काच खडखडते आणि पाणी आत. जुन्या स्पेसरवर बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख बऱ्याचदा छापलेली असते, हमी उरली आहे का तेही त्यावरून कळतं.

गिरणा_पल्याड
दरवाजाचं सांगतो भो. रंधा मारायला कुणी आलं तर आधी हाकला त्याला.

यूपीव्हीसी तापल्यावर वाढतं. २ मीटर उंचीला ३० अंशांच्या फरकाने साधारण ४ मिमी. तपकिरी लाकडी रंगाचा पल्ला पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो. तेव्हा फटी सकाळी ७ ला आणि दुपारी ३ ला मोजून लिहा. सकाळी चारही बाजूंनी सारख्या आणि दुपारीच घासतो, तर प्रश्न फुगण्याचा आहे, बिजागरीच्या स्क्रूने थोडा उचलून भागेल. पण सकाळीही कुलपाकडची खालची फट कमी आणि वरची जास्त असेल तर पल्ला खाली बसला आहे.

अर्धवट उघडून हँडलला धरून वर उचला. बिजागरीत खेळ जाणवला तर स्क्रू ढिले आहेत, आतल्या लोखंडी पट्टीपर्यंत पोचलेत का बघा, नुसत्या प्लास्टिकमध्ये असतील तर लांब स्क्रू घाला. खेळ नाही तरी कोपरा खालीच, तर काचेच्या ठोकळ्यांची जागा चुकली आहे. दरवाजात काच नुसती भरायची नसते, तिच्यावर पल्ला टांगायचा असतो. एक ठोकळा खाली बिजागरीच्या बाजूला, दुसरा वर कुलपाच्या बाजूला. मग काच त्या कर्णात टेकू देते. बसलेल्या पल्ल्याचा हाच कर्ण दुसऱ्यापेक्षा कमी भरतो. कुलपाकडचं आणि वरचं बीडिंग काढा, पातळ पाती घालून पल्ला उचला आणि वरच्या कोपऱ्यात २ किंवा ३ मिमीची चकती वाढवा. दोन्ही कर्ण सारखे आले की थांबा. जोर लावून जास्त ठोकलं तर कोपऱ्याचा वेल्ड फाटतो.

राहिलेली १-२ मिमी कसर बिजागरीच्या स्क्रूने, ४ किंवा ५ मिमीच्या एलन कीने, एका वेळी अर्धा फेरा.

आणि एक. काळ्या मातीवरचं घर असेल तर चौकटच तिरकी झालेली असू शकते, माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. चौकटीच्या दोन कर्णांत ५-६ मिमी फरक दिसला आणि भिंतीच्या कोपऱ्यात तिरपी भेग असली तर पल्ल्याशी खेळून उपयोग नाही.

दरवाजाला दोन्ही काचा टफनच घ्या, कोपऱ्यात आयएस २५५३ (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) चा शिक्का बघून.

तापीकाठ
धन्यवाद. एक खिडकी उघडून मोजली. रुंदी ६१२, ६१०, ६११. उंची ११६४, ११६३, ११६५. कर्ण १३१३ आणि १३१५. जोड ५-१२-५. चिरा दोन्ही बुजलेल्या होत्या. ठोकळा एकच, तोही एका कोपऱ्यात. ऑर्डर कशी लिहू? उन्हासाठी कोणती काच?

काचकाम_धुळे
कर्णांत २ मिमी फरक चालेल. काच ६०० × ११५३.

साधी डबल काच ऊन फारसं अडवत नाही, ती मुख्यतः हवेतली उष्णता आणि आवाज अडवते. पश्चिमेला बाहेरची काच सोलर कंट्रोल लेपाची घ्या. लेप दुसऱ्या पृष्ठावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. कागदावर असं लिहा: बाहेरून ५ टफन सोलर कंट्रोल, लेप २ वर, १२ स्पेसर, ५ टफन साधी, ब्युटिल अधिक पॉलिसल्फाइड, रुंदी ६०० उंची ११५३, २ नग (दुसऱ्या खिडकीचं माप वेगळं निघालं तर तीही स्वतंत्र ओळ). ‘रुंदी’ आणि ‘उंची’ शब्द लिहाच.

माल आल्यावर कडा बघा. ब्युटिलची काळी रेघ चारही बाजूंनी सलग हवी, कोपऱ्यात खंड नको. मग आतून लायटरची ज्योत काचेजवळ धरा, चार प्रतिबिंबं दिसतील. आतल्या बाजूने मोजत तिसरं वेगळ्या रंगाचं दिसलं तर लेप बरोबर बसला आहे. दुसरं वेगळं दिसलं तर काच उलटी आहे, फिरवा. जोड उभेच ठेवा, सावलीत. उन्हात एकमेकांना टेकवून ठेवले तर मधले जोड तापतात.

टफन होऊन यायला दिवस लागतात, तोवर जुनी काच ठोकळ्यांसकट परत बसवून टाका. तडकलेलीला दोन्हीकडून चिकटपट्टी राहू द्या आणि तो पल्ला उघडू नका.

तापीकाठ
फिल्म काढून टाकू का तोवर?

काचकाम_धुळे
तडकलेल्या काचेवरची राहू द्या, तीच तुकडे धरून ठेवते आहे. बाकी कुठे लावली असेल तर तिथली काढा, तीही दुपारी नको, सकाळी काच थंड असताना.