फोटोखाली जागेचं नाव लिहावं का?

रानवाट:
तीन वर्षांपूर्वी भटकताना एका उतारावर निळी रानफुलं दिसली. एकेक फूल बोटाच्या पेरापेक्षा लहान, उभ्याने पाहिलं तर नुसता निळसर धूर वाटावा. पोटावर पालथी पडून फोटो काढले आणि हौसेने त्यातला एक जागेच्या नावासकट टाकला. शंभरेक जणांनी "कसं जायचं?" विचारलं, मी सगळ्यांना वाट सांगितली.

यंदा परत गेले. उताराच्या मधोमध दोन पावलं रुंद मातीचा पट्टा पडलाय. फुलं आहेत, पण कडेकडेने. तेव्हापासून फोटो टाकायला हात धजत नाही. नाव लपवणंही खोटं वाटतं. आपण पाहिलं तसं इतरांनी का पाहू नये? तुम्ही काय करता?

आडवळण:
मी नाव लिहीत नाही. विचारलं की "हिंडा, सापडेल" म्हणतो. शिष्ट म्हणतात मला. म्हणोत.

तळ्याकाठी:
आडवळण, तुमचं पटत नाही. ज्या जागेचं नाव चारच जणांना ठाऊक, तिथे उद्या खाण आली तर ओरडणार कोण? ते चार जणच ना?

थायलंडच्या माया बे या किनाऱ्याचं घ्या. गर्दीने प्रवाळ खराब झाले म्हणून 2018 मध्ये तो बंद केला. 2022 मध्ये उघडला तेव्हा बोटींना पुढून खाडीत यायला बंदी केली. त्या मागच्या बाजूला लागतात. बंद असताना काळ्या टोकाच्या परांचे शार्क परतले होते. नाव जगभर झालेलंच होतं, ते कोण पुसणार? आवर घातला तो येण्याच्या रीतीला.

गवत्या:
मातीबद्दल थोडं, कारण खरं दुखणं तिथे आहे. पाय पडला की मातीतल्या बारीक पोकळ्या दबतात. मग पाणी मुरत नाही, वरून वाहून जातं, बी रुजत नाही. आणि नुकसान पावलांच्या हिशेबात सारखं वाढत नाही. कोऱ्या गवतावर पहिल्या थोड्या फेऱ्यांतच बरंचसं होऊन जातं; पुढच्या शंभरांनी त्यात तुलनेने थोडीच भर पडते. म्हणून मळलेली वाट असेल तर चिखल असला तरी तिच्यावरूनच, एकामागे एक चालायचं. चिखल चुकवायला कडेने गेलात की वाट रुंदावलीच. वाटच नसेल तर उलट: पांगून चाला, एकाच्या पावलावर दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही. (हे सांगितलं की लोक हसतात.)

आणि "मी एकट्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये मॉर्निंग ग्लोरी नावाचं उन्हाळं, म्हणजे गरम पाण्याचं कुंड आहे, एकेकाळी गर्द निळं. लोक त्यात नाणी, दगड टाकत राहिले. खालून गरम पाणी येण्याचं तोंड तुंबलं, पाणी निवलं, आणि कडेचे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव आत सरकले. 1950 मध्ये पाण्याची पातळी उतरवून त्याला उसळी आणवली, तेव्हा नाण्यांबरोबर मोजे आणि रुमालही बाहेर आले. प्रत्येकाने एकच नाणं टाकलं असणार.

रानवाट, एक विचारू? रागावू नका. पोटावर पालथ्या पडलात, त्या कशावर?

रानवाट:
गवत्या, तुमचा प्रश्न वाचून आधी चिडले. मग जुने फोटो काढले. सतरा आहेत, तीन वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले. पहिल्यात फुलं कडेपर्यंत उभी आहेत. शेवटच्या फोटोत डावीकडे गवत चेपलेलं दिसतं, साधारण माझ्याएवढं लांब. तोच मी टाकला होता, डावी बाजू कापून.