दगडफूल, ब्राह्मी आणि नावांचा घोळ

रानवही:
वनस्पती आणि शैवाकांच्या (लायकेन) जुन्या नमुन्यांची यादी करत आहे. रकाने तीन: मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुल. दगडफूल या शैवाकाच्या एका चिठ्ठीवर पार्मेलिया पर्लाटा आहे, दुसरीवर पार्मोट्रेमा पर्लाटम. बरोबर कोणतं? शैवाकात बुरशी आणि शैवल दोन्ही असतात, मग नाव कोणाचं धरायचं? आणि ‘ब्राह्मी’ लिहिलेले दोन नमुने एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत.

कायक:
शैवाकाचं नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव, नामकरणाचा नियमच तसा आहे. आतल्या शैवलाचं नाव वेगळं असतं, ते हवं तर शेऱ्यात लिहा. कुलही बुरशीचंच: पार्मेलिएसी.

तुमची दोन्ही नावं एकाच जातीची आहेत. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हडसननं १७६२ मध्ये तिला लायकेन पर्लाटस म्हटलं, पुढे ती पार्मेलियात गेली, आता पार्मोट्रेमात आहे. नावातला दुसरा शब्द, म्हणजे विशेषण, हा प्रजातीच्या (पहिल्या शब्दाच्या) लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणून पर्लाटस, पर्लाटा, पर्लाटम. शोधताना शेवटचा -us, -a, -um सोडून शोधा. शास्त्रीय नावापुढे येणाऱ्या कर्त्यांच्या (नाव देणाऱ्यांच्या) नावातला कंसही गाळू नका: कंसात मूळ नाव देणारा, कंसाबाहेर नव्या प्रजातीत हलवणारा.

पण नुसतं ‘दगडफूल’ वाचून पर्लाटम लिहू नका. त्या नावाखाली पार्मोट्रेमाच्या बऱ्याच जाती एकत्र येतात. पात्याने वरची साल खरवडून आतल्या पांढऱ्या गरावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका. पर्लाटममध्ये गर पिवळा होतो. पिवळ्यावरून गडद लाल झाला तर जात दुसरी, बहुधा पार्मोट्रेमा रेटिक्युलाटम. साल न खरवडता थेंब टाकला तर फसगत होते, कारण सालीतलं अट्रॅनोरिन हे द्रव्य स्वतःच पिवळं होतं.

पर्णवृंत:
ब्राह्मीचं उत्तर पानांत आहे. समोरासमोर, बिनदेठाची, मांसल, एक-दोन सेंटिमीटरची पानं असतील तर बाकोपा मोनिएरी. कुल प्लँटॅजिनेसी, जुन्या पुस्तकांत स्क्रोफ्युलॅरिएसी. लांब देठावर मूत्रपिंडाच्या आकाराचं पान असेल तर सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, कुल एपिएसी. दोन्हींना ब्राह्मी म्हणतात, त्यामुळे मराठी नावावरून शास्त्रीय नाव कधीच भरू नये. इंग्रजी नावंही तशीच: रेनडिअर मॉस हे शैवाक, तर स्पॅनिश मॉस ही अननसाच्या कुलातली सपुष्प वनस्पती!

जुनी चिठ्ठी खोडू किंवा काढू नका. शेजारी नवी चिकटवा: नवं नाव, ओळखणाऱ्याचं नाव, तारीख. शास्त्रीय नाव चिठ्ठीवर रोमन लिपीतच हवं. इथल्यासारखं देवनागरीत लिहिलं तर प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं होतं आणि शोध फसतो.

रानवही:
खरवडताना नमुना खराब होणार नाही ना?

कायक:
कडेपासून दूर, दोन मिलिमीटर जागा पुरते. कडेवरची भुकटी आणि केस ओळखीला लागतात, तिथे हात लावू नका. भिंगाखाली करा आणि थेंब केशनळीने (अगदी बारीक नळीने) टाका.