इंजेक्शन घेणारे आळशी? आधी नीट बोलू या

निशिगंध
कालपासून एक पोस्ट फिरते आहे: "वजनाची इंजेक्शनं म्हणजे आळशांचा शॉर्टकट. रोज टेकडी चढा, रात्रीचा भात सोडा, महिन्याचे हजारो रुपये वाचतील." वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहिते.

जेवण झालं की आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन सुटतं, मेंदूला "पुरे" सांगतं आणि काही मिनिटांत नाहीसं होतं. सेमाग्लुटाइड हे इंजेक्शन तेच काम आठवडाभर करतं. वजन घटायला लागलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च आवरतं घेतं, त्याला टेकडी काय करणार? या औषधाच्या २०२१ च्या स्टेप-१ चाचणीत १,९६१ जण होते. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना दिला होता. ६८ आठवड्यांनी नुसत्या सल्ल्यावर २.४ टक्के वजन उतरलं, इंजेक्शनसह १४.९ टक्के. ९५ किलोच्या माणसाला सव्वादोन किलो की चौदा किलो, हा फरक आहे. याच औषधाच्या २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून शंभरात आठांवरून साडेसहावर आले. हे आळशीपणाचं औषध आहे का?

खलबत्ता
आळशी म्हणणं चूक, मान्य. पण चौदा किलोत चरबी किती गेली ते लिहा ना. स्टेप-१ मध्येच काही जणांचे डेक्सा स्कॅन (अंगात चरबी किती आणि बाकी किती हे दाखवणारे) केले होते. उतरलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबी सोडून इतर भागाचा होता, आणि त्यात स्नायू आले. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन-तृतीयांश परत आलं. पंचावन्न वर्षांच्या बाईचे मांडीचे स्नायू गेले तर जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. हा हिशोब कुठल्याच जाहिरातीत नसतो.

निशिगंध
बीपीची गोळी थांबवली तरी बीपी वर जातंच. तेव्हा आपण गोळी फसली म्हणत नाही.

खलबत्ता
बीपीच्या गोळीला एवढा खर्च येत नाही, ताई.

डबा नंबर चार
स्नायूंचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे आणि तो कोणी सांगत नाही. ८० किलोच्या माणसाला दिवसाला ९५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा, ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये सव्वीस. भूक मेलेली असते, दीड पोळीत पोट भरतं, आणि आपल्याकडे ताटात आधी पोळी वाढली जाते. क्रम उलटा करा: आधी उसळ, अंडं किंवा पनीर, मग जागा उरली तर पोळी. आठवड्यातून दोनदा वजन उचलायचा व्यायाम हवाच. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रोटीनचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि एकादशीची तुपातली साबुदाणा खिचडी या काळात नको. पोट आधीच सावकाश रिकामं होतं, त्यात तूप म्हणजे रात्रभर मळमळ.

शेवगा
खर्चाचा एवढा बाऊ कशाला? मौंजारो (टिर्झेपेटाइड, असंच आठवड्याचं दुसरं इंजेक्शन) मार्च २०२५ मध्ये इथे आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची व्हायल (औषधाची बाटली) ३,५०० रुपये आणि ५ ची ४,३७५ होती. ५ ची घ्या, अर्धी आज, अर्धी पुढच्या आठवड्यात. त्या किमतीत डोस २,२०० च्या आत पडायचा. खूप जण करतात.

लालटोपी
शेवगा, हे कृपा करून काढा. औषधाच्या दुकानात काउंटरवर रोज हाच प्रश्न येतो म्हणून कळकळीने सांगतो.

५ च्या व्हायलमध्ये औषध अर्धा एमएल असतं. त्यातलं निम्मं म्हणजे पाव एमएल. नारिंगी टोपीच्या यू-१०० इन्सुलिन सिरिंजवर (एका एमएलचे १०० भाग) हे २५ च्या रेघेला येतं. पण आपल्याकडे लाल टोपीची यू-४० सिरिंजही (एका एमएलचे ४० भाग) सर्रास मिळते, आणि तिच्यावर पाव एमएल १० च्या रेघेला येतं. कोणीतरी ग्रुपवर "२५ पर्यंत भरा" लिहितो, घरात आजोबांची लाल टोपीची सिरिंज असते. तिच्यात २५ म्हणजे ०.६२ एमएल, व्हायलमध्ये आहे त्याहून जास्त! म्हणजे पूर्ण ५ मिलिग्रॅम एकदम अंगात, तेही पहिल्याच आठवड्यात. उलट "१० पर्यंत" वाचून नारिंगी सिरिंज भरली तर जेमतेम १ मिलिग्रॅम जातं. या औषधाचा अर्धायुकाळ पाच दिवसांचा आहे, म्हणजे निम्मं औषध अंगातून जायलाच पाच दिवस लागतात. एकदा टोचलं की परत काढता येत नाही. उलट्या, पाणी कमी पडणं, त्यातून मूत्रपिंडावर ताण, असा क्रम असतो.

शेवगा
सिरिंज बरोबर घेतली तर? इन्सुलिनची व्हायल लोक महिनाभर टोचून वापरतातच की.

लालटोपी
इन्सुलिनच्या व्हायलमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं असतं. ही एकदाच वापरायची व्हायल, हिच्यात ते नाही. सुई नवी असली तरी रबराला एकदा भोक पडलं की आत गेलेला जंतू आठवडाभर वाढत बसतो. म्हणून उरलेलं टाकून द्यायचं असतं.

शेवगा
कंपन्यांना सोयीचा नियम आहे हा. कॅन्सरची महागडी इंजेक्शनं हॉस्पिटलं वाटून देतातच ना?

लालटोपी
देतात, पण निर्जंतुक कपाटात, आणि काही तासांत संपवतात. स्वयंपाकघरात, कोथिंबिरीशेजारी ठेवून नाही. चिडू नका, पण यात मी मागे हटणार नाही.

मुळाक्षर
सगळे सिरिंजवर गेलात आणि कोणी घ्यावं हे राहूनच गेलं. लग्न तीन महिन्यांवर आहे म्हणून सात किलो उतरवायला जे घेतात त्यांच्यासाठी: वेगोवीचा (वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडचा) डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून दर चार आठवड्यांनी चढतो, २.४ ला पोचायलाच सोळा आठवडे लागतात. लग्नापर्यंत पूर्ण डोससुद्धा येत नाही, मळमळ तेवढी येते.

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडचा एक दुर्मिळ कॅन्सर) झाला असेल तर ही इंजेक्शनं नकोत. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तिचा डोस उतरवावा लागतो, नाहीतर साखर खाली येते. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद. टिर्झेपेटाइडवर (म्हणजे मौंजारोवर) गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. सुरुवातीला आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरा. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना सांगा, उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं.

खलबत्ता
ही यादी वाचून तरी, निशिगंध, लोक सावध होतील. औषध काम करतं हे मी नाकारलं नव्हतं. हृदयविकाराच्या पेशंटला द्यावं, हेही मान्य, नाइलाजाने. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४ वाल्याला नाही.

शेवगा
सिरिंजचं पटलं, प्रतिसाद काढायला संपादकांना कळवलं आहे. किमतीचं उत्तर मात्र कोणीच दिलं नाही.

लालटोपी
किमतीचं उत्तर माझ्याकडे नाही. स्वस्त म्हणून कुरिअरने मागवणार असाल तर एवढं बघा: औषध २ ते ८ अंशांत हवं. व्हायल बर्फाच्या पॅकला थेट चिकटून आली असेल तर गोठली होती का, ते विचारा. गोठून वितळलेलं औषध दिसायला स्वच्छच दिसतं, पण ते वापरायचं नाही. घरीही फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.