लाकडी प्लगच्या शोधात हिवाळा घालवायचा की नाही?

खाडीकर_एडिसन
मालवणात आजोबांबरोबर गरवायला जायचो. न्यू जर्सीत आलो आणि स्ट्रायपरच्या नादी लागलो. अंगावर काळ्या रेघांचा चंदेरी मासा, हातभर तर सहज. गळ लावलेल्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या नकली माशाला इथे प्लग म्हणतात. कारखान्यातला प्लास्टिकचा 15 डॉलरला मिळतो, कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये लेथवर कातलेला लाकडी 35-40 ला. तोही पैसे मोजून मिळेल याची खात्री नाही.

दोन हिवाळे यात गेले. या कारागिरांची जाहिरात नसते. थंडीत प्रदर्शनं भरतात, तिथे अंधारात उठून रांग लावायची. नाहीतर किनाऱ्यालगतच्या दुकानात जायचं, उगाच चार गळ विकत घ्यायचे, मालकाशी गप्पा मारता मारता मागच्या भिंतीवर काय टांगलंय ते बघायचं. माझा सगळ्यात चांगला प्लग असाच, तिसऱ्या फेरीत मिळाला. पांढऱ्या सीडरच्या लाकडाचा, धातूच्या ओठाचा, म्हणजे तोंडाशी धातूची पट्टी असलेला. संथ ओढला की म्हशीसारखा डुलत येतो. प्लास्टिकमध्ये ही चाल मला दिसली नाही. शोधावा, असं माझं मत.

उगाच_खर्च
चाल वगैरे ठीक आहे हो. बंकर म्हणजे स्ट्रायपरचं खाद्य असलेले छोटे मासे, त्यांचा थवा किनाऱ्याला लागला की स्ट्रायपर रंग उडालेल्या प्लास्टिकवरही तुटून पडतो. प्लास्टिकच्या पोटात सरकणारं वजन असतं, फेकताना ते शेपटीकडे जातं, समोरून वारा असला तरी लांब पडतं. तुमचा सीडर वाऱ्यात पतंगासारखा गिरक्या घेतो. शिवाय रांगेत तुमच्यापुढे उभे असलेल्यांपैकी कित्येकजण मासे धरतच नाहीत. संध्याकाळी तोच प्लग दुप्पट भावाने विकायला.

खाडीकर_एडिसन
दुप्पट भावाचं खरं आहे, त्यावर मीही चिडतो. पण तो दोष विकणाऱ्याचा, लाकडाचा नाही.

कनालवाला_बॉस्टन
आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉड कनॉल म्हणून समुद्राचा कालवा आहे, तिथे स्टॅन गिब्ज नावाचा गडी होऊन गेला. स्वतः पट्टीचा मच्छीमार, पेन्सिल पॉपर नावाचा लांबट, पाण्यावर नाचणारा प्लग त्याचाच. काठावर त्याचा पुतळा आहे. त्याने प्लग काचेच्या कपाटासाठी घडवले नव्हते, कनॉलच्या धारेत फेकायला घडवले होते.

घेताना एकच बघा: नाकापासून शेपटीपर्यंत सलग तार घातली आहे का. नुसते स्क्रू-आय, म्हणजे लाकडात पिळून बसवलेल्या कड्या, असतील तर मोठा मासा ते उपटून नेतो. तार असेल तर लाकूड चिरलं तरी मासा दोरीला राहतो. आणि प्लग डावीकडे पळत असेल तर पकडीने पुढची कडी किंचित उजवीकडे वाकवा. घडवणारा हे आधीच पाण्यात तपासून देतो, जास्तीचे पैसे त्या कामाचे आहेत.

चितारआळी
आम्ही सावंतवाडीचे. इथे कातारकाम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, लाकडी फळं, खेळणी. एवढा लांबडा मासा कातायला कितीसा वेळ? सातासमुद्रापार रांगा कशाला लावता, काका?

उगाच_खर्च
लाखेचा रंग पाण्यात पांढरा पडतो, हे तुम्हाला मी सांगायचं?

चितारआळी
मग लाख नका लावू. अळशीचं तेल मुरवा, वर इपॉक्सी द्या. कातणं आमचं, रंग तुमचा.

मीना_सी
एक विचारू? समुद्रातला स्ट्रायपर 28 ते 31 इंचांमधलाच ठेवता येतो, तोही दिवसाला एक. बाकी सगळे सोडायचे. मग 40 डॉलरच्या प्लगला दोन-दोन तिहेरी गळ कशाला? मी मागचा काढून एकेरी बसवला, तोही टोकाची आडी, म्हणजे उलटा काटा, दाबून. प्लगची चाल जरा बिघडली, पण मासा पटकन सुटतो. लाकूड की प्लास्टिक हे त्यानंतर.

उगाच_खर्च
पहिल्यांदा इथे कुणीतरी माशाबद्दल बोललं.

खाडीकर_एडिसन
मीनाताई, बरोबर. माझ्या प्लगवर अजून तिहेरीच आहेत, या आठवड्यात बदलतो.
चितारआळी, पांगारा असेल तर 7 इंचांचे चार तुकडे काता, मधोमध आरपार भोक ठेवा. तार मी घालतो.

उगाच_खर्च
पांगारा? पहिल्याच दाताला भुसा होईल. लावता पैज?